मेटामावशीचे दोरे

माझी मावशी आर्मेटा पिकन्स हिने क्लीव्हलंडच्या लिंडहोम दुकानात एकोणीस वर्षं लिफ्ट चालवली. हातात पांढरे मोजे घालून, पितळी दांडा फिरवत, दिवसभर एकच पाढा: "तिसरा मजला! बायकांच्या टोप्या, पर्स, हातमोजे! पायाखाली बघा, मॅडम!" गोऱ्या बायका उतरायच्या आणि दार लागेपर्यंत मावशी टोप्यांच्या काउंटरकडे बघत राहायची. काउंटर लिफ्टपासून दहा पावलांवर होतं. त्याच्या मागे उभं राहायला आम्हा काळ्या लोकांना बंदी. पुढे उभं राहून टोपी विकत घेता यायची, पण डोक्यावर घालून बघायची नाही. आमच्या डोक्यावर चढलेली टोपी मग गोऱ्या बाईने कशी घ्यावी?

म्हणून मावशीचे दोरे होते. सेंट्रल अव्हेन्यूवरच्या आमच्या चर्चमधल्या प्रत्येक बाईच्या डोक्याच्या मापाचा एक दोरा, टोकाला नावाची चिठ्ठी, आणि सगळे दोरे कॉफीच्या रिकाम्या डब्यात. ईस्टर जवळ आला की बायका तिला गाठायच्या. "मेटा, ती जांभळी, पिसाची, मला होईल का गं?" मावशी लिफ्टमधून नुसती टोपी बघून माप सांगायची. कधी चुकली नाही.

"तुला नाही व्हायची, सिस्टर लूला. तुझ्या डोक्यात नवऱ्याच्या तक्रारीच फार भरल्यात!"

चर्चच्या पायऱ्यांवर हशा पिकायचा, आणि सगळ्यांत मोठ्याने लूलाच हसायची.

मावशीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. ते काउंटर. त्याच्या मागे उभं राहून एखाद्या बाईच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने टोपी बसवायची, बस्स.

लीलँड ब्रॅझेल अलाबामाहून आला तेव्हा मावशीच्याच मागच्या खोलीत राहिला. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करून शिकला आणि समान संधी परिषदेत नोकऱ्यांचा अधिकारी झाला. परिषदेला मी उगाच नावं ठेवणार नाही. टेलिफोन कंपनीत, बँकेत आमची पहिली माणसं त्यांनीच नेऊन बसवली. एकोणीसशे सत्तावन्न सालच्या एका रविवारी लीलँड आमच्याकडे जेवायला आला. तळलेली कोंबडी होती, पालेभाजी होती, मक्याची पोळी होती, आणि त्याचं कशात लक्ष नव्हतं.

"मिस मेटा, आम्ही लिंडहोमवर तक्रार करतोय. काळ्या मुलींना विक्रीवर घ्या म्हणून. पण तक्रारीवर आतल्या कुणाचं तरी नाव लागतं."

"म्हणजे माझं."

"तुमच्याइतकं ते दुकान कुणाला माहितीये?"

"आणि त्यांनी मला हाकललं तर?"

"परिषद आहे की मागे. काउंटर उघडलं की पहिलं नाव तुमचं. माझा शब्द."

"आधी तो घास गीळ," मावशी म्हणाली, "मग शब्द दे."

त्याने घास गिळला आणि तेच पुन्हा म्हणाला. मावशीने त्याला आणखी एक तंगडी वाढली.

तिने नाव दिलं. नुसतं नाव देऊन थांबली असती तर ती मेटामावशी कसली. लिफ्टची पाळी संपली की दारोदार फिरून बायकांकडून लिंडहोमची उधारीची कार्डं गोळा करायची, मधोमध कापायची आणि दुकानाला परत पाठवायची. दुकानात साहेब तिच्याशी बोलेनासे झाले, बाकीच्या लिफ्टवाल्या तिच्या शेजारी डबा खाईनात. आठ महिन्यांनी दुकान नमलं. परिषदेच्या सभागृहात आम्ही सगळे जमलो आणि लीलँडने काउंटरसाठी निवडलेली सहा नावं वाचली. तिसरं माझं होतं. मावशीचं नव्हतंच.

आम्ही सहाही जणी कातडीने आपापल्या घरात सगळ्यांत उजळ होतो. मला ते यादी ऐकता ऐकता कळलं.

सभा संपल्यावर लीलँड स्वतःच आमच्याकडे आला. "मिस मेटा, त्यांना हायस्कूल पास मुली हव्यात. तरुण. आणि सुरुवातीला जरा..."

"जरा गोऱ्या?"

त्याने यादीची घडी घालून खिशात टाकली.

"बरं. माझी लिफ्ट तरी आहे ना?"

"लिफ्ट बटणांच्या होणार आहेत. करारातच आहे ते."

"करारावर सही कुणाची?"

लीलँड हातातली हॅट फिरवत राहिला.

"घास गिळून दिला होतास रे शब्द," मावशी म्हणाली आणि कोट घ्यायला गेली.

मी नको म्हणायला हवं होतं. पण तसं म्हटलं नाही. खरं सांगते, मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची लाज वाटत होती. मावशीला विचारलं, "जाऊ का गं?"

"जा. आपल्यातलं कुणीतरी त्या काउंटरमागे दिसू दे. आणि अगं, पाठ ताठ ठेव."

पुढच्या ईस्टरच्या आधी ती दुकानात आली. रविवारचे कपडे, केस सकाळीच गरम कंगव्याने सरळ केलेले. बटणाच्या लिफ्टमधून उतरली, ती दहा पावलं चालली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"अगं डोरिन, ती हिरवी दाखव. आता घालून बघता येते म्हणे."

येत होती. पण आमच्या बायकांसाठी टोपीच्या आत पातळ कागद घालायचा, असा नियम होता. लीलँडने सध्यापुरता म्हणून तोही मान्य केला होता. तीन महिने मी चर्चमधल्या बायकांच्या डोक्यांवर तो कागद पसरत होते आणि मावशीला एका अक्षराने बोलले नव्हते. काउंटरच्या टोकाला माझी सुपरवायझर उभी होती. मी खण उघडला. कागद मावशीच्या डोक्यावर ठेवला आणि वरून टोपी बसवली.

टोपी अगदी मापात बसली. कागदाची कड तिच्या कपाळावर दिसत होती.

मावशी आरशात स्वतःकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. "हे सगळ्यांना?"

"नाही."

"लूलाला घातलास?"

"हो."

"बोलली नाही ती मला." तिने टोपी काढून हळूच ठेवली. कागदाची चार पदरी घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. मग उठली, एकोणीस वर्षं गोऱ्या बायकांसाठी वापरलेल्या आवाजात मला म्हणाली, "आभारी आहे. पायाखाली बघा, मॅडम," आणि लिफ्टकडे गेली.

त्यानंतर ती बारा वर्षं जगली. मी तिची सख्खी भाची, पण मला ती पुन्हा कधी 'अगं' म्हणाली नाही.