दादाने उघडलेली सकाळ

आमचा दादा फौजेत होता म्हटलं की लोक पहिल्यांदा बंदुकीबद्दल विचारायचे. दादा हसायचा. बंदूक चालवायला तो शिकला होता, पण त्याची सगळी नोकरी गेली घड्या घालण्यात. पॅराशूटच्या घड्या! विमानातून उड्या मारणाऱ्या जवानांच्या पाठीवर जे गाठोडं असतं, ते दादासारखी माणसं बांधायची.

तो त्या हॉलबद्दल सांगायला लागला की मी हातातलं काम सोडून ऐकायची. भिंतीपासून भिंतीपर्यंत लांबच लांब टेबलं, त्यांवर पसरलेलं पातळ कापड, दोऱ्यांचा एकेक पदर सोडवणारे हात, आणि शिट्टीसुद्धा न वाजवणारी माणसं. साहेब केव्हाही यायचे, कुठल्याही गाठोड्यावर बोट ठेवायचे आणि ते बांधणाऱ्यालाच म्हणायचे, "चला, हे पाठीवर चढवा." म्हणजे आपण घातलेल्या घडीवर आपणच जीव टाकायचा. दादाने अशा कितीतरी उड्या मारल्या.

"आणि छत्री नीट उघडली की तुला कोण शाबासकी द्यायचं?" मी एकदा विचारलं.

"कोणी नाही. सगळं नीट झालं की आमच्याबद्दल कोणी काही बोलतच नाही. नाव निघतं ते बिघडलं तरच."

चाळिशी ओलांडली आणि दादा निवृत्त होऊन घरी आला. हातपाय धडधाकट, डोक्यावरचे केस जागच्या जागी, आणि सकाळपासून करायला काही नाही. पहिल्या आठवड्यात त्याने घरातलं प्रत्येक कपाट लावलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लावलं. वहिनी मला फोनवर म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला कुठेतरी चिकटवा हो. काल माझ्या ओढण्यांच्या अशा घड्या घातल्यात, की एक ओढली तर उरलेल्या फटाफट बाहेर आल्या. मी ओरडलेच!"

नोकरी शोधणं म्हणजे काय असतं ते दादाला ठाऊकच नव्हतं. फौजेत तो विशीच्या आतच गेला होता. एका कापड गिरणीत मुलाखतीला गेला, तर समोरच्या माणसाने विचारलं, "आधी काय करत होता?"

"घड्या घालत होतो."

"घड्याळं घालत होता? अहो, घड्याळं तर सगळेच घालतात!"

हे दादाने घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. दादाही हसला, पण जरा उशिरा.

मग एका मोठ्या दुकानाच्या दारावर तो पहारेकरी म्हणून लागला. तिथे इतका ताठ आणि स्तब्ध उभा राहायचा, की एका बाईने त्याच्या दंडावर पिशवी अडकवून पर्समध्ये सुट्टे पैसे शोधले. तिला वाटलं पुतळाच आहे! ते काम सुटलं आणि तो एका हॉटेलच्या धोबीखान्यात गेला. तिथे चादरींच्या घड्या इतक्या घट्ट घातल्या, की खोल्या लावणाऱ्या मुलींना त्या उलगडता येईनात. तिथूनही नारळ मिळाला. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि खुर्चीत बसून म्हणाला, "छोटे, मला एकच गोष्ट येते. आणि ती बाहेर कुणाला नको आहे."

दादाला असं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्याच क्षणी डोक्यात वीज चमकली!

मी एका नाटकघरात शिवणकाम करते. नटांचे कपडे, पडद्यांच्या झालरी, सगळं माझ्याकडे. तेव्हा आमच्याकडे लहान मुलांच्या एका नव्या नाटकाच्या तालमी चालल्या होत्या. अंधाराच्या राजाने सकाळ पळवून नेलेली असते आणि एक मुलगी ती परत आणते, अशी गोष्ट. शेवटी ती मुलगी हात वर करून ओरडते, "उठा रे, सकाळ झाली!" आणि वरून, एका श्वासात, अख्ख्या रंगमंचभर केशरी रेशमाची सकाळ उलगडते. निदान दिग्दर्शिका बाईंच्या मनात तरी ती तशी उलगडत होती. प्रत्यक्षात रोज ती अर्ध्यात अडकायची. एकदा डावीकडे लोंबली, एकदा उजवीकडे, एकदा आलीच नाही. बाईंनी कपाळाला हात लावला होता.

"दादा," मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर चल. एक मोठं कापड उघडायचंय."

"किती उंचीवरून?" त्याने विचारलं. आणि पाठ सरळ झाली की त्याची!

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही नाटकात कधी काम केलंय?"

"नाही मॅडम. नाटक पाहिलंयही फारसं नाही."

"मग?"

"कापड उघडतं कसं, ते पाहिलंय. खालूनही आणि वरूनही."

बाईंना उत्तर आवडलं. म्हणाल्या, "करा बघू."

दादाने बाह्या सरसावल्या आणि रंगमंचावरच कापड पसरलं. त्याचे हात असे चालायला लागले, की तालमीला आलेले नट चहाचे कप हातात घेऊन भोवती उभे राहिले. घडीवर घडी, घडीवर घडी, आणि बघता बघता ते एवढं थोरलं रेशीम एका उशीएवढं झालं! पिशवीत भरलं, वर बांधलं. मी मनात म्हटलं, आता बघाच माझा भाऊ.

मुलगी ओरडली, "उठा रे, सकाळ झाली!" दादाने दोरी ओढली. आणि सकाळ जी आली ती गाठोडं म्हणूनच आली, थेट अंधाराच्या राजाच्या डोक्यावर! राजा म्हणजे आमचे सगळ्यांत जाडजूड नट. ते खाली बसले आणि म्हणाले, "ही सकाळ आहे की दरोडा?"

सगळे खो-खो हसत सुटले. दादा मात्र काळवंडला. खाली उतरून राजाची दहा वेळा माफी मागितली आणि मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मी मागे गेले तर म्हणाला, "माझं सगळं कसब वाऱ्यावर चालतं गं. पडता पडता हवा आत शिरते आणि छत्री फुलते. इथे हवाच नाही. मी लक्षातच घेतलं नाही. निघतो मी."

"कुठे निघालास रे फौजी?" मागून आवाज आला. आमचे पडदेकाका! आयुष्यभर याच नाटकघरात पडदे ओढलेला, तंबाखू सोडल्याला वर्षं झाली तरी गाल फुगवून बोलणारा माणूस. "पहिल्या फटक्यात जमलं असतं तर मीच तुला हाकललं असतं. मग मी इथे काय करायचं? हवा नाही तर नाही. वजन आहे ना!"

"वजन?"

"कापडाच्या खालच्या काठात वाळूची नळी घालायची. काठ धावतो खाली, कापड धावतं त्याच्या मागे. पण एक भानगड आहे. सगळं एकदम सुटतं आणि मध्येच गुंतून बसतं."

दादाचे डोळे लकाकले. "एकदम सुटायला नकोच! आमच्याकडे दोऱ्या रबरात अडकवलेल्या असतात. ओढ बसली की एक सुटते, मग दुसरी, मग तिसरी. ओळीने. पण इथे रबर ठेवलं तर ते दिसेल. तुटेल असं, पण दिसणार नाही असं काहीतरी पाहिजे..."

आणि मी जवळजवळ किंचाळलेच, "कच्चा टाका!"

शिवणाऱ्या कुणालाही विचारा. कपडा अंगावर घालून बघायच्या आधी आम्ही लांब लांब कच्चे टाके घालतो. जरासा हिसका दिला की सुळकन सुटतात. घड्या दादाच्या, वजन काकांचं, टाके माझे! आम्ही तिघे रंगमंचावर मांडी घालून बसलो. काका वाळू भरत होते, मी दोरा ओवत होते आणि दादा सांगत होता, "इथे घट्ट, इथे सैल, इथे जरा आणखी सैल." दोनदा फसलं. तिसऱ्यांदा तीन चतुर्थांश आलं. बाई खुर्चीच्या कडेवर सरकल्या. मग दादाने मधल्या घड्या उलट्या दिशेने घातल्या, आणि...

काय सांगू! आवाजसुद्धा आला नाही. वर काळोख होता आणि पुढच्या क्षणी सगळीकडे केशरी! अंधाराचा राजा आपला संवाद विसरला आणि नुसता "अरे वा!" म्हणाला.

पहिल्या प्रयोगाला नाटकघर खच्चून भरलं. वहिनी आणि तिची मुलगी, माझी भाची, वरच्या सज्जात बसल्या होत्या. मी पडद्याआड सुईदोरा घेऊन उभी. दादा आणि काका वरच्या लाकडी मचाणावर. कापड चुकून सुटू नये म्हणून त्यावर एक जाड दोर आवळलेला असायचा. तो शेवटच्या प्रवेशात, राजाचं मोठं भाषण चालू असताना सोडायचा, आणि मुलीच्या आरोळीला कापड सोडणारा खटका ओढायचा, असं ठरलं होतं.

राजाचं भाषण सुरू झालं. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं, आणि आमची नायिका, बिचारी पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर उभी, सगळं भाषण ओलांडून पुढे आली, हात वर केले आणि ओरडली, "उठा रे, सकाळ झाली!"

जाड दोर तसाच होता! वर पाहिलं तर काका दोन्ही हातांनी डोकं धरून. आणि दादा? दादा मचाणावर पालथा पडला, अर्धा बाहेर झुकला, एका हाताने दोराची गाठ उपसली आणि दुसऱ्या हाताने त्याच दमात खटका ओढला. काकांनी झडप घालून त्याचे पाय धरले.

टाके सुटले. एक, दुसरा, तिसरा, सर्रर्र करत सगळे! केशरी रेशीम वाहत खाली आलं, जमिनीला टेकलं, दिव्यांनी उजळलं, आणि सगळ्या सभागृहाने एकदम श्वास आत घेतला. मुलांची ती "हाऽऽ!" मी अजून विसरले नाही. मग टाळ्या. आधी सज्जातून, मग खालून, मग सगळीकडून! मुलं खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती, "झाली! सकाळ झाली!" भाषण हुकलेला राजासुद्धा टाळ्या वाजवत होता.

मी शिडीकडे धावले. दादा शिडी घट्ट धरून, एकेक पायरी चाचपत उतरला. "उड्या मारताना कधी असं झालं नाही गं," तो म्हणाला. मग कान देऊन थांबला. टाळ्या चालूच होत्या. "हे कुणासाठी चाललंय?"

"तुझ्यासाठी, वेड्या! तुमच्या सकाळसाठी!"

तो खालच्या पायरीवर बसला आणि चेहरा हातात घेऊन हसला की रडला, ते मला कळलं नाही. एवढ्यात भाची वाट काढत आली आणि सरळ त्याच्या गळ्यात पडली. "बाबा, बाजूची मुलगी विचारत होती की एवढी सकाळ कुठून आली. मी सांगितलं, आमच्या बाबांनी बांधून ठेवली होती!" वहिनी मागे उभी होती. पदराने डोळे टिपत म्हणाली, "आता माझी कपाटं तरी सुखात राहतील."

बाई आल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "फौजी, उद्या किती वाजता येताय?"

"मॅडम, उद्या प्रयोग आहे का?"

"उद्या पगारपत्रकावर तुमचं नाव चढवायचंय. आणि मॅडम नाही, बाई म्हणा."

"येस सर!" दादाने टाचा जुळवून सलाम ठोकला, आणि पडदेकाका हसता हसता शिडीला धरून खाली बसले.

याला आता दोन वर्षं होत आली. परवा बाईंनी नव्या नाटकाची गोष्ट वाचून दाखवली. त्यात रंगमंचावर पूर येतो आणि एक अख्खी होडी बुडते. वाचन संपायच्या आत दादा आणि काका उठून कोपऱ्यात गेले होते. लाट वरून सोडायची की बाजूने ओढायची, यावर दोघांची जुंपली होती. काका म्हणत होते बाजूने, दादा म्हणत होता वरून, आणि दोघेही एकमेकांचं न ऐकता मला हाका मारत होते, "अगं ए, निळं कापड काढ! जेवढं असेल तेवढं काढ!"