मोटरची ओढ

गल्लीत सगळे त्याला मोटरमामा म्हणत. धंद्याने प्लंबर. नळाची धार करंगळीएवढी झाली तेव्हा पहिली मोटर त्यानेच पहिल्या घरात थेट पाइपला जोडून दिली. त्यामुळे शेजारच्याचं पाणी तुटलं, म्हणून शेजारच्याने जास्त ताकदीची घेतली. होता होता गल्लीभर मोटरी घरघरू लागल्या. घेणारा हॉर्सपॉवर विचारत नसे. विचारायचा, "ओढ कशी आहे?" जसं काही बैलच घ्यायचाय.

शेवटचं घर त्याच्या भाचीचं. तिला दिवस गेल्यावर मामाने सगळ्यात दांडगी मोटर आणून बसवली. धबधब पाणी आलं. सासरी मामाचा भाव वाढला.

मग पाण्याला वास येऊ लागला. सुरुवातीचं सोडून द्यायचं, मामा म्हणाला. पुढे भाचीचा नवरा काविळीने पिवळा पडला. डॉक्टरांनी बजावलं, हिला होऊ देऊ नका, पोटुशीला ही कावीळ झेपत नाही.

मामाने दारासमोर खणून पाहिलं. पाइप गटारातून गेलेला, गंजून चाळण झालेला. वरच्यांनी पाणी ओढून घेतलं की पाइप रिकामा, आणि रिकाम्या पाइपात मोटर ओढणार ती गटारच. पाणी खात्यात त्याला सांगण्यात आलं, नवा पाइप येईल तेव्हा येईल, तोवर मोटरी काढा.

तो दारोदार फिरला. प्रत्येकाचं एकच, आधी शेजारच्याला काढू दे. पहिल्या घरातला म्हातारा तेवढा खरं बोलला.

"मामा, लावताना नव्हते हो हात जोडलेत."

मामाने भाचीची मोटर काढली. पाणी सुटायच्या वेळी तिचा नळ नुसता फुसफुसला, थेंब नाही. मग ती बादली घेऊन पार चौकातल्या सार्वजनिक नळापर्यंत जाऊ लागली. एकदा वाटेतच कमरेवर हात ठेवून खाली बसली आणि तिथूनच तिने निरोप धाडला.

मामा आला तेव्हा ती भिंतीला टेकली होती.

"बसवा परत. उकळून घेईन."

"प्यायचं उकळशील. भांडी, आंघोळ, चूळ?"

"मामा, मला उचलवत नाही."

त्याने तिला घरी आणलं, मोटर जागेवर ठेवली. आट्यांवर टेप गुंडाळली, सांधा आवळला, बोट फिरवून गळत नाही ना पाहिलं. कामात कसूर नव्हती. बटण तिने दाबलं. पाइप खोकला, आधी काळं आलं, मग गढूळ. ते जरा निवळल्यासारखं दिसताच तिने बादली खाली सरकवली.