ऐरण मिळाली, खुर्ची गेली

मंडळी, सुऱ्या घडवायला शिकतोय, म्हणून आज स्वस्तातली ऐरण शोधत भवानी पेठेतल्या भंगारवाल्या रशीदचाचांकडे गेलो.

रंग दिलेली एक चकचकीत ऐरण लगेच आवडली. चाचांनी बेअरिंगची गोळी हातात दिली. "वरून टाका. उसळली तर पोलाद. नाहीतर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, घणाखाली फुटेल."

गोळी पडली ती तिथंच बसली.

मग गंमत म्हणून चाचांच्या बुडाखालच्या रेल्वे रुळाच्या तुकड्याच्या मोकळ्या टोकावर टाकली. टणकन माझ्या हनुवटीपर्यंत उसळली!

"चाचा, ऐरण म्हणून हाच द्या!"

"अहो, मग मी बसू कशावर?"

तासाभरात घरून माझी ऑफिसची फिरती खुर्ची आणून दिली. चाचांनी दोन गिरक्या घेतल्या आणि सौदा पक्का!

आता उद्याच्या ऑनलाइन मीटिंगला मी कशावर बसणार, ओळखा पाहू?