शेतातल्या बाईची परवानगी

"शेतातल्या बाईची कसली परवानगी? अंगठा घेणार का तिचा?" जाहिरातींचं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या. मीटिंगमधले सगळे हसले.

खंडाळ्याच्या एका हॉटेलात मी कामाला आहे. हॉटेलचे हजारो फोटो कॉम्प्युटरवर नीट लावायचे. कुठला कुठल्या फोल्डरात, कोणी नुसता बघायचा, कोणी डाउनलोड करायचा, ते मी बघते. पाहुण्यांचा फोटो त्यांच्या सहीशिवाय जाहिरातीला सुटत नाही. गावातल्या बायांच्या फोटोंवर मात्र 'परवानगीची गरज नाही' अशी खूण. ती करणारी मीच. दोन वर्षं केली. हात थांबला नाही.

त्या दिवशी थांबला. भातलावणीचा फोटो. चिखलात वाकलेली बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. उर्से टोलनाक्याजवळच्या होर्डिंगवर जाणार होता. मीटिंगमध्ये मी विचारलं, यांना विचारलंय का? त्यावर ते हसणं.

मग मॅडम म्हणाल्या, "एवढं लागतंय तुला, तुझी आई आहे का ती?"

"नाही," मी म्हणाले.

माझी आईच होती ती. तोंड दिसत नव्हतं, पण ती पाठ मी ओळखते.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मी. शिकून काय शिकले? चारचौघांत आई नाकारायला.

परंदवडीला घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. नाकारल्याचंसुद्धा. ती भाकरी थापत राहिली.

"मला कुणी इचारलं न्हाई. मी वाकलेली, त्यो फोटूवाला काडत व्हता."

मी विचारलं, होर्डिंगवर लावू द्यायचा का?

"नगं. येणारी-जाणारी समदी माजी पाठ बगत जातील. आन अंगठा कशाला? सही येती मला."

सकाळी तो फोटो मी डाउनलोडला बंद केला. कारण लिहिलं, 'बाईंनी नकार दिला.' मग सही नसलेले बाकीचे सगळे बंद केले. मॅडमनी सगळ्यांसमोर बोलावलं. मी उभ्यानंच सांगितलं, "काल मी खोटं बोलले. ती माझी आई आहे. ती नाही म्हणालीय."

कोणी हसलं नाही. दुपारी माझे अधिकार काढले, फोटो पुन्हा उघडले. आता मी नुसती बघू शकते.

बघतेच आहे. कुठली बाई कुठल्या गावची, कोणाच्या घरची, वहीत उतरवतेय. रविवारी दारोदार जाऊन विचारणार. नाही म्हणेल तिचा नकार तिच्या सहीनं मॅडमच्या टेबलावर ठेवणार. आईनं आपला लिहून दिलाय.

नोकरीवरून काढलं, तर ते कागद गेटबाहेर उभी राहून देईन. पण देईन.