वाटीभर सदाफुली

धाकट्या बहिणीला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. सफरचंद तिला, नवी बाहुली तिला, आईची मांडीही तिलाच. मी आपली शाळेतून यायची आणि गार पोळी गुंडाळून खायची. मेला मला साधा तापसुद्धा येत नव्हता!

दर आठवड्याला आई तिला सुईसाठी मुंबईला न्यायची. एकदा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे औषध सदाफुलीपासून काढतात. झालं! आमच्या भाईंदरच्या गॅलरीत, फुटक्या बादलीत सदाफुलीच तर होती. शेजारच्या गुजराती बेन म्हणाल्या, "पत्ता उबालके पिलाओ, ताकत आयेगी." सुया चालू होत्याच, वर रोज सकाळी वाटीभर काढा सुरू झाला.

धाकटी तोंड घट्ट मिटायची. आई लाडीगोडी लावायची, "एक घोट काऊचा, एक घोट चिऊचा," आणि शेवटी बोटभर मध. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मला कुणी काऊ-चिऊ करून भरवल्याला जमाना झाला होता.

पाचव्या दिवशी खाली पाण्याचा टँकर आला. आई हंडा घेऊन धावली. मी धाकटीच्या हातातली वाटी ओढली.

"पी ना ताई, मला नकोच आहे," ती म्हणाली.

तिला नको होतं, याचाच मला जास्त राग आला. वाटी संपवली, पातेल्यात उरलेलाही घशात ओतला आणि मग मधाच्या बाटलीत बोट घातलं.

दुपारपर्यंत उलट्यांनी आडवी झाले. मी काय प्यायले ते ऐकून नाक्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर आईवर कडाडले, "सुईत ते मोजूनमापून असतं हो! पानं उकळून काय पाजताय? विष आहे ते!"

आई म्हणाली, "धाकटीला पाच दिवस देतेय मी. मला वाटायचं, तिला उलट्या सुईमुळे होतायत."

काढा बंद झाला. धाकटी पुढे बरी झाली. आजही कौतुकाने सगळ्यांना सांगते, माझ्या वाटणीचं विष ताई प्यायली. मी गप्प बसते.

कारण त्या दुपारी घरी आल्यावर आईने मला मांडीवर घेतलं होतं. साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजत होती, "एक घोट काऊचा..." समोरच्या खाटेवरून धाकटी टक लावून बघत होती, डोक्यावर एक केस नाही. ती नजर मी लगेच ओळखली, इतके महिने माझीच होती ती. मी डोळे मिटले आणि आणखी मोठ्याने कण्हले.