आज काय कापलंस?

नानांची तिरडी बांधायची सुतळी त्यांनीच केलेल्या चाकूने कापली. त्या चाकूने कापलेली ती पहिली वस्तू.

आज त्याला वर्ष झालं. चूक माझी होती, म्हणून लिहितेय.

मला घडीचे चाकू जमवायचा नाद आहे. हो, बाईला. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. पेणला आमचा गणपतींचा कारखाना, दिवसभर हात शाडूत. बाकीच्या साड्या घेतात, मी चाकू घेते.

नाना लोहार, निडीजवळच्या एका वाडीतले. घडीचा चाकू हाताने करणारे आमच्या भागातले बहुतेक शेवटचेच. त्यांची बायको, म्हणजे काकी, तापलेलं पातं ऐरणीवर धरायच्या, नाना ठोकायचे.

आणि काय चाकू केला हो त्यांनी माझ्यासाठी!
पातं ट्रकच्या जुन्या स्प्रिंगचं. मूठ म्हशीच्या शिंगाची, आतून पितळेची पट्टी. मिटला की पाठीवरून नख फिरवा, कुठे अडकणार नाही.

फक्त एक गोष्ट अपुरी. पातं आणि मूठ जोडणारी पितळेची खीळ एका बाजूने जराशी वर राहिलेली.

"नाना, ही ठोकायची राहिली."

"ऱ्हायली नाय, ठेवलीय. वरीसभर वापर, पातं तुझ्या हाताला बसू दे. मग घेऊन ये. शेवटचा ठोका तेव्हा. आधी मारला तर पातं आडमुठं होतं गो."

त्यांच्या प्रत्येक चाकूला हाच नियम. वर्षाने एकदा परत यायचंच.

आणि मी काय केलं?

मखमलीच्या डबीत ठेवला. तेल लावून. फोटो काढून इथेच, आपल्या चाकूवाल्यांच्या ग्रुपवर पोस्ट केला. तुम्हीच लिहिलंत, मास्टरपीस, म्युझियम पीस, काय न् काय. मी हरखून नानांना फोन लावला.

"नाना, किती लाईक आलेत माहितीय?"

"लाईक म्हंजे? काय कापलं त्यांनी?"

मी खो खो हसले. ते खरंच विचारत होते, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

वर्षाने ऐटीत डबी घेऊन गेले. नानांनी पातं उघडलं, उजेडात धरलं, वास घेतला आणि मिटून माझ्यापुढे ठेवलं.

"याला कायच लागलेलं नाय. कांदा कापला, कैरी कापली की हे पातं काळं पडतं. हे तर नव्या नवरीसारखं बसलंय. ने परत."

माझं डोकंच सटकलं. एवढी जिवापाड जपलेली वस्तू! बरंच बोलले. "तुम्हाला तुमच्याच कामाची किंमत नाही" असंही बोलून गेले.

काकींनी चहा टाकला होता, तो न घेता निघाले. स्टेशनवर बसल्यावर कळलं की चुकलंय. पण परत फिरले नाही. असा माझा स्वभाव.

त्यांनी मनात ठेवलं नाही. अधूनमधून त्यांचाच फोन यायचा. कशी आहेस नाही, काही नाही.

"आज काय कापलंस?"

"कांदा, नाना."

"मग काळं पडलं असंल. दाव की एकदा."

"सीझन संपला की येते."

धडधडीत खोटं. चाकू डबीतच. ओरखडा पडेल म्हणून हात धजायचा नाही. एक सीझन संपला, दुसरा संपला. मग एका सकाळी काकींच्या भाच्याचा फोन आला.

निघताना चाकू डबीतून काढून पर्समध्ये टाकला. वाटलं, त्यांच्यासोबतच ठेवावा. माझी तरी कुठे लायकी होती.

अंगणात बांबू बांधत होते. कुणीतरी ओरडलं, "सुतळी कापायला चाकू हाय काय कुणाकडं?"

घरात एकही नव्हता. जन्मभर केले ते सगळे लोकांना दिले. काकी विळी आणायला उठल्या. मी पर्स उघडली.

एका ओढीत सुतळी तुटली.

मी तिथेच रडले. मोठ्याने, लाजबिज सोडून.

काकींनी पातं पदराला पुसलं आणि चाकू परत माझ्या हातात दिला.

"आता लागला कामाला. वरसानं घेऊन ये."

"काकी, आता ठोका कोण मारणार?"

"तू आण तर गो."

मग वर्षभर त्याला उसंत दिली नाही. मूर्तींच्या कडा, सोंडेखालची जादा माती, कैऱ्या, कांदे, लेकीच्या पेन्सिली, पार्सलच्या पट्ट्या. एकदा माझं बोटसुद्धा. पातं आधी निळसर झालं, मग काळं. ओरखडे किती पडले ते मोजायचं सोडून दिलं.

आज वर्षश्राद्ध. सकाळच्या गाडीने निडीला उतरले. काकींनी पातं उघडलं, वास घेतला. अगदी नानांसारखा.

"कैरी."

"हो, काकी."

"आनि माती."

"हो."

मागच्या पडवीत ऐरण गोणपाटाखाली झाकलेली होती. काकींनी गोणपाट काढलं.

"एवढी वर्सं मी धरलं. आज तू धर."

मी धरला. ठोका काकींनी मारला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर खीळ शिंगाच्या बरोबरीने सपाट बसली होती. बोट फिरवलं तर कळेना कुठे होती.

काकी नानांच्या फोटोकडे वळल्या. "बघा हो, काळं पडलं," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

भावपूर्ण श्रद्धांजली लिहायला घेतलं होतं. पण नाना लगेच विचारतील, "श्रद्धांजली म्हंजे? काय कापलं तिनं?"

नाना, आज तुमच्या नैवेद्यासाठी केळीचं पान कापलं.

या वेळी खरंच कापलं.

येते.