गुलाबी भिंत आणि हेडसरांचा फेटा

मला एक सांगा, शाळेच्या भिंतीला तुम्ही काय लावता? चुना. बरोबर. सगळं जग चुनाच लावतं. आता मी काय लावलं ते ऐका. पण चहाचा घोट आधी गिळा, नाहीतर नाकातून येईल.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्याआधी आमचा जिल्हा उस्मानाबाद. तिथून आमच्या जळकोटाकडच्या गावात साहेब निघाला, तर पोचेपर्यंत त्याची बदली व्हायची! आता जिल्हा जवळ आला म्हणून गावानं पेढे वाटले. पण जिल्हा जवळ आला की साहेबही जवळ येतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

त्यात पावसानं दगा दिलेला. टँकरवर गाव जगत होतं. एकाच पाण्याला आम्ही चार जन्म घ्यायला लावायचो. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी, भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी, आणि भांड्यांचं पाणी तुळशीला. तुळससुद्धा नाक मुरडायची.

मी शाळेत प्रयोगशाळेची बाई होते. मॅट्रिक पास. अकरावी सायन्सचा वर्ग नवा, प्रयोगशाळा नवी, मीही नवी. लातूरहून शिक्षण खात्याचे साहेब येऊन प्रयोगशाळा बघणार होते. पसंत पडली तर वर्ग राहणार, नाहीतर बंद. वर्ग बंद म्हणजे मी परत खुरपायला. आणि त्या वर्षी शिवारात खुरपायलासुद्धा काही उगवलं नव्हतं!

रसायनशास्त्र शिकवायला कदम सर. त्यांचा एक प्रयोग मला फार आवडायचा. खाली चंबूत ॲसिड, त्यात एका औषधाचे दोन थेंब, आणि वरच्या काचेच्या नळीतून सोड्याचं पाणी हळूहळू सोडायचं. सोडा पुरेसा झाला की चंबूतलं पाणी एकदम गुलाबी! औषधाचं नाव फिनॉल्फ्थॅलिन. ते म्हणताना माझी जीभ दाताखाली यायची, म्हणून मी त्याला नुसतं 'थेंब' म्हणायचे.

पोरं उतावीळ. नळीची तोटी सोडायची ती भसकन. चंबूत गुलाबाचं सरबत! ते पाणी फेकायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. दुष्काळात पाणी फेकणाऱ्या बाईला आमच्याकडे सासूसुद्धा माफ करत नाही. मी सगळे चंबू मागच्या दोन रांजणांत रिकामे करायचे. उरलेलं ॲसिडही त्यातच. गंमत अशी, की रांजणात पडलं की गुलाबी रंग नाहीसा व्हायचा. मला वाटायचं, गाळासारखा तळाला बसला असेल.

रंग नाहीसा व्हायचा, एवढं तुम्ही ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी कदम सर त्यांना आणायला लातूरला मुक्कामी गेले. जाताना म्हणाले, "बाई, उद्या पोरं साहेबांसमोर तोच प्रयोग करणार. सगळं जागच्या जागी पाहिजे. भिस्त तुमच्यावर हाय."

झालं! ज्याला रसायन कळतं तो एकुलता एक माणूस गावाबाहेर गेला.

उन्हं उतरली तसे आमचे हेडसर अंगणात येरझारा घालू लागले. ते इतिहास शिकवायचे. शिपाई गफूरमामा हातात ब्रश घेऊन नुसतेच उभे.

"मामा, भिंत कधी रंगवणार? साहेब गेल्यावर?"

"सर, चुना भिजलाय, पण लई घट्ट हाय. पातळ करायला पानी न्हाई. टँकर आलाच न्हाई."

"मग थुंकी लावून रंगवता का आता?"

"थुंकायला तरी पानी पाहिजे की, सर!"

मला राहवलं नाही. पुढं झाले. "सर, माझ्याकडं दोन रांजण पाणी हाय."

हेडसर माझ्याकडं असे बघायला लागले, जशी मी गोदावरीच वळवून आणली. "बाई! तुम्ही हायत म्हणून शाळा हाय!"

मामांनी रांजणातलं पाणी चुन्यात ओतलं. काठीनं ढवळलं. मग थांबले. वाकून बघितलं. डोळे चोळले.

"सर... चुना लाजून राहिला."

बघते तर काय! बादलीभर चुना फिकट गुलाबी! मामांनी घाबरून दोन पट्टे भिंतीवर ओढून बघितले, तर भिंतही गुलाबी.

"अहो, ही शाळा हाय की लग्नाचं घर?" हेडसर ओरडले. "साहेब काय म्हणतील? फेका ते!"

"फेकून दुसरं पानी कुठून आणू?" मामा म्हणाले.

आता माझी ट्यूब पेटली. कसं सांगू, अंगावर काटा आला अभिमानानं! आयुष्यात पहिल्यांदा मला रसायनशास्त्र कळलं होतं. "सर, हे त्या थेंबांचं काम! सोड्यात गुलाबी होतं, तसंच चुन्यातबी होतं!"

हेडसरांनी दोन पावलं मागं जाऊन भिंत बघितली. मान तिरकी केली. हळूहळू चेहरा खुलला. "तसं वाईट दिसत न्हाई हो. नवा जिल्हा, नवा रंग! जिल्ह्यात अशी शाळा दुसरी नसंल. फक्त जरा फिकं वाटतंय."

"फिकं?" मी म्हणाले. "थांबा!"

आत गेले. कपाट उघडलं. थेंबांची भरलेली बाटली आणली आणि दोन थेंब नाही, दहा थेंब नाही, अख्खी बाटली बादल्यांत वाटून टाकली! बुडावर चापट मारून शेवटचा थेंबसुद्धा काढला.

काय रंग आला म्हणता! येणारेजाणारे सायकलवरून उतरून बघायला लागले. अंधार पडायच्या आत बाहेरची भिंत, आत प्रयोगशाळेच्या चारी भिंती, सगळं गुलाबी. हेडसर इतके खूश, की स्वागतगीताच्या पोरींना गुलाबी रिबिनी बांधून यायला सांगितलं. घरी जाता जाता म्हणाले, "बाई, माझ्या मेव्हण्याच्या लग्नातला गुलाबी फेटा हाय. उद्या तोच बांधतो. भिंतीला मॅच!"

मी तर गाणं गुणगुणत झोपले.

सकाळी मी उशिरा पोचले. तोवर फाटकात जीप उभी. हेडसर थेट घरून तिथंच हार घेऊन आलेले, गुलाबी फेट्यात, शाळेकडं पाठ करून.

"फेटा छान आहे," साहेब म्हणाले.

"मुद्दामच, साहेब! आमच्या ह्या गुलाबी वास्तूला साजेसा..." असं म्हणत हेडसर हात लांब करून मागं वळले.

भिंत पांढरीशुभ्र होती.

पांढरी! बगळ्यासारखी! चुना वाळला आणि गुलाबी रंग रातोरात पसार. पोरी रिबिनींसकट उघड्या तोंडानं उभ्या. गफूरमामा हळूच म्हणाले, "सर, आता फेटाबी वाळवून बघा."

साहेबांना काही उमगेना. ते सरळ प्रयोगशाळेत शिरले. पोरांनी चंबूत ॲसिड घेतलं, नळीत सोडा भरला. कदम सरांनी कपाट उघडलं. बाटली बाहेर काढली. उलटी केली. हलवली. मग माझ्याकडं बघितलं.

"बाई, थेंब कुठंयत?"

"भिंतीवर."

"कुठल्या भिंतीवर?"

"सगळ्या."

माझ्या डोळ्यांपुढं खुरपं नाचायला लागलं.

कदम सर भिंतीकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "काल काय काय केलंत?" मी रडतरडत सगळं सांगितलं. सरांनी सोड्याच्या पाण्याचा चंबू उचलला आणि सपकन भिंतीवर मारला!

भिंतीवर गुलाबी फुलोरा उमटला.

"अरे!" साहेब खुर्चीतून उठले. पूर्वी ते स्वतः सायन्स शिकवायचे म्हणे. "द्या इकडं!" त्यांनी दुसरा चंबू घेतला. सपक! "हवेनं चुन्याचा जोर गेला, म्हणून रंग गेला. सोडा लागला, परत आला. कळलं का रे पोरांनो?" पोरांना कळलं आणि त्यांनीही चंबू उचलले. एवढा मन लावून झालेला प्रयोग मी नंतर कधी बघितला नाही. भिंतीची पार रंगपंचमी झाली.

जीपमध्ये बसताना साहेब डोळे पुसत होते. हसून हसून पाणी आलेलं. "हेडसर, वर्ग चालू ठेवा. बाईंनाही ठेवा. पण त्यांना सांगा, प्रयोग चंबूत करायचा असतो, इमारतीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले, तर औषधांच्या कपाटाला भलंमोठं कुलूप होतं, आणि किल्ली कदम सरांनी ताइतासारखी गळ्यात बांधली होती.